मुका मार मेंदूलाही बसतो: खेळणाऱ्या मुलांशी डोक्याच्या दुखापतीबद्दल कसं बोलायचं

माझी मुलगी कबड्डी खेळते, डाव्या कोपऱ्यात. तेरा वर्षांची असताना एका स्थानिक स्पर्धेत ती पकडीसाठी खाली वाकली आणि चढाई करणाऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानाच्या वर बसला. ती उठली, नी-कॅप सारखी केली आणि पुढच्या चढाईला परत कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मी बाहेर बसून टाळ्या वाजवल्या. रात्री तिने ताट बाजूला सारलं, "भूक नाही" म्हणाली. दमली असेल असं मला वाटलं. सकाळी पोहे खाताना तिने विचारलं, "आई, काल आपण जिंकलो ना?" मी हो म्हटलं. दोन मिनिटांनी परत तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, कन्कशन आहे, नीट विश्रांती आणि काळजी घेतली की बरी होईल. झालीही. पण त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, "तिथेच का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "तूच म्हणतेस ना, खेळात लागायचंच."

तेव्हापासून दर जूनमध्ये आमच्या मंडळात नवी मुलं आली की त्यांच्या आईवडिलांबरोबर मी तासभर बसते. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मुलाला खरोखर लागलं असेल तर वाचत बसू नका, दवाखाना गाठा. हे सगळं लागण्याच्या आधी करायचं काम आहे.

पायरी १: आधी आपण समजून घ्या

आपल्याकडे मुका मार हा फार नेमका शब्द आहे. रक्त नाही, जखम नाही, वरून काही दिसत नाही, पण आत दुखतंय. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार. मुलांना समजावताना मी हाच शब्द वापरते आणि तो लगेच कळतो, कारण मांडीला किंवा पाठीला बसलेला मुका मार प्रत्येकाने कधी ना कधी सोसलेला असतो.

कवटीच्या आत मेंदू द्रवाने वेढलेला असतो. डोकं जोरात हललं किंवा वेगात असताना अचानक थांबलं की तो आतल्या आत हिंदकळतो आणि मेंदूच्या पेशींचं काम काही काळ बिघडतं. त्यासाठी डोक्यावरच आपटायला हवं असंही नाही. छातीवर धडक बसून मानेला जोराचा हिसका बसला तरी पुरतं.

नवे पालक माझ्याकडे तीन समजुती घेऊन येतात. पहिली, बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झालं नाही. कन्कशन झालेली बहुतेक मुलं बेशुद्ध पडतच नाहीत. माझी मुलगी तर उरलेला सामना खेळली. दुसरी समजूत स्कॅनची. सीटी स्कॅन काढतात तो आत रक्तस्राव आहे का, हाड मोडलंय का हे पाहायला. पेशींच्या कामातला बिघाड त्यात दिसत नाही. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आला" याचा अर्थ "उद्यापासून मैदानावर" असा होत नाही.

तिसरी समजूत हेल्मेटची. हेल्मेट घालायलाच हवं, ते कवटी वाचवतं. पण आतला मेंदू हिंदकळणं ते पुरतं थांबवू शकत नाही. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराच्या टी-२० सामन्यात मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जाडेजाच्या हेल्मेटवर आदळला होता. त्याच्या जागी कन्कशन बदली खेळाडू म्हणून युजवेंद्र चहल उतरला, तीन बळी घेऊन सामनावीर ठरला. तेव्हा वाद झाला तो बदली खेळाडूच्या नियमावरून. पण घरी क्रिकेट बघणाऱ्या मुलाला दाखवायची गोष्ट वेगळी आहे: जाडेजासारखा माणूसही हेल्मेट असूनही बाहेर बसला.

लक्षणं उशिरा येतात, हेही पक्कं ध्यानात ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासणी झाली, तो परत येऊन फलंदाजीही करून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास जाणवू लागला, आणि मार्नस लाबुशेन कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. एवढे वैद्यकीय तज्ज्ञ जवळ असताना हे झालं. आपल्या मंडळाच्या मैदानावर प्रथमोपचाराची पेटी असली तरी नशीब.

पायरी २: घरातली वाक्यं तपासा

ही पायरी सगळ्यात अवघड आहे, कारण इथे मुलाला नाही, स्वतःला शिकवायचं आहे. एक वही घ्या आणि मूल खेळताना पडलं की घरात कोण काय म्हणतं ते आठवून लिहा. आमच्या घरची यादी अशी होती: "खेळात लागायचंच." "एवढ्याशा टेंगळाला काय रडतेस." "डोळ्यांपुढे काजवे चमकले वाटतं!" आणि हसणं. आजोबांचं, "आमच्या वेळी माती लावायचो आणि परत उतरायचो." बाबांचं, "मैदान सोडायचं नाही."

यातलं एकही वाक्य वाईट मनाने बोललेलं नाही. गुडघा खरचटल्यावर, बोट मुरगळल्यावर ही वाक्यं मुलाला धीरही देतात. पण दहा वर्षांचं मूल गुडघा आणि डोकं असा फरक करत नाही. त्याला एवढंच कळतं की दुखणं सांगितलं की घरचे नाराज होतात आणि न सांगता खेळलं की कौतुक होतं. आणि काजवे चमकणं हे तर खरं लक्षण आहे, आपण त्याचा विनोद करून ठेवलाय.

कॅनडातल्या ओटावा शहरातली रोवन स्ट्रिंजर ही सतरा वर्षांची मुलगी शाळेच्या रग्बी संघाची कप्तान होती. मे २०१३ मध्ये आठवड्याभराच्या आत तिच्या डोक्याला एकापाठोपाठ मार बसले. शेवटच्या सामन्यात ती कोसळली ती उठली नाही. पहिल्या मारातून न सावरलेल्या मेंदूला पुन्हा हादरा बसला की क्वचित तो झपाट्याने सुजतो. हे विरळा आहे, पण किशोरवयात होतं. तिच्या जाण्यानंतर कळलं की तिला शंका आली होती. तिने मैत्रिणीला मेसेज केले होते, फोनवर कन्कशनची माहितीही शोधली होती. आईवडिलांपर्यंत मात्र ती शंका पोहोचली नव्हती. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि ऑंटारिओ प्रांताने २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा केला.

हे आईवडील बेफिकीर नव्हते. म्हणूनच ही हकिगत मी प्रत्येक बैठकीत सांगते. मुलाला माहिती असते, मैत्रिणीला माहिती असते, फोनला माहिती असते, आणि आपण जेवायला वाढत असतो.

म्हणून जुन्या वाक्याच्या जागी नवं वाक्य द्या आणि घरातल्या सगळ्यांनी, आजोबांसकट, तेच म्हणायचं ठरवा. आमचं ठरलेलं वाक्य: "हातपायाला लागलं तर आधी बघू, डोक्याला लागलं तर आधी सांग."

पायरी ३: वेळ निवडा आणि थोडक्यात बोला

सराव सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात बोला. सामना हरून आल्यावर नको, संघातल्या मुलांसमोर नको, आणि टीव्ही बंद करून, समोर बसवून "मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय" असं तर नकोच. मुलं तिथेच कान मिटतात. हाताला काहीतरी काम असताना बोलणं सोपं जातं. आमच्याकडे किटची बॅग भरताना झालं. जवळपास असं:

"डोक्याला लागलं तर काय करायचं, माहितीये?"

"सरांना सांगायचं."

"आणि सर म्हणाले, जा पाणी मारून ये, तर?"

गप्प. मोज्यांची घडी घालत बसली.

"तर तू म्हणायचं, सर, डोक्याला लागलंय, मी बसते. एवढंच. का, कसं, किती, काही समजावायचं नाही."

"आणि मला काढून दुसरीला घेतलं तर?"

हा तिचा खरा प्रश्न होता. कुठल्याही मुलाचा हाच असतो. डोकं दुखण्याची त्याला तितकी भीती नसते, जागा जाण्याची असते. याला "असं काही होत नाही" असं खोटं उत्तर देऊ नका, कारण कधी कधी तसं होतं. मी म्हटलं, "त्या सामन्यापुरती जागा जाईल. वाईट वाटेल, मलाही वाटेल. पण तू सांगितलंस म्हणून मी तुझ्यावर कधी रागावणार नाही, आणि सरांशी बोलायचं काम माझं."

तीनच गोष्टी पोहोचवायच्या: कुणाला सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, आणि सांगितल्यावर घरी काय होईल. तिसरी ठाम सांगितली नाही तर पहिल्या दोन वाया जातात. पाच मिनिटं पुरतात. मग महिन्याभराने, टीव्हीवर एखादा फलंदाज डोकं धरून बसलेला दिसला की परत दोन वाक्यं.

चौथी गोष्ट मी नंतर जोडली: मैत्रिणीची. "आपल्या संघातली एखादी पडल्यावर वेगळीच वागायला लागली, चुकीच्या बाजूला जाऊन उभी राहिली, तेच तेच विचारायला लागली, तर तू सरांना सांगायचं. ती नको म्हणाली तरी." मुलांना ही चुगली वाटते. त्यांना स्पष्ट सांगावं लागतं की चुगली कुणाला शिक्षा व्हावी म्हणून करतात. डोक्याला लागलेलं मूल स्वतःची अवस्था नीट ओळखू शकत नाही, कारण ज्याने ओळखायचं त्या मेंदूलाच मार बसलेला असतो. हे एकदा पटलं की मुलं फार जबाबदारीने वागतात. मागच्या हंगामात आमच्या मंडळातल्या दोन गोष्टी मोठ्यांच्या आधी मुलींनीच सांगितल्या.

पायरी ४: वय बघून शब्द बदला

सात-आठ वर्षांच्या मुलाला कन्कशन वगैरे शब्द नको. वाटीभर पाण्यात जांभूळ टाका, झाकण लावा, हलवा आणि जांभूळ कडेला कसं आपटतं ते दाखवा. मग म्हणा, डोकं आपटलं की असं होतं, तेव्हा मला किंवा ताईंना यायचं सांगायला. या वयात मूल "डोकं दुखतंय" म्हणेलच असं नाही. ते चिडचिड करतं, कारण नसताना रडतं, जेवत नाही, आवडत्या खेळण्याकडे बघत नाही. तिथे लक्ष आपण ठेवायचं.

दहा ते तेरा हे बोलण्याचं सगळ्यात चांगलं वय. ऐकतात, प्रश्न विचारतात, आणि जाडेजाची गोष्ट सांगितली की शाळेत जाऊन चार जणांना सांगतात.

चौदाच्या पुढे परिस्थिती बदलते. निवड चाचणी, शालेय स्पर्धांची जिल्हा, विभाग, राज्य ही चढण, दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीतला खेळाडूंचा राखीव कोटा. खेळ आता घराच्या हिशेबात आलेला असतो आणि मुलाला ते कळतं. या वयाच्या मुलाला घाबरवून काही होत नाही. त्याला सरळ हिशेब मांडून दाखवा: आज सांगितलंस तर काही आठवडे जातील, लपवून खेळलास आणि पुन्हा लागलं तर अख्खा हंगाम जाईल. आणि हा हिशेब मांडताना आपणही आतून तो मानतो का, हे तपासा. मुलं चेहरा वाचतात. गोविंदा पथकात जाणारी मुलंही याच वयाची असतात. चौदाच्या आत तर वर चढायला परवानगीच नाही, पण पंधरा-सोळाच्या मुलाशी हेच बोलणं दहीहंडीच्या सरावाआधीही करा.

पायरी ५: सरांशी आधीच बोलून ठेवा

बहुतेक प्रशिक्षक मुलांवर जीव टाकणारे असतात, संध्याकाळचे दोन तास फुकट देणारे. त्यांना जाब विचारायला जाऊ नका. हंगामाच्या सुरुवातीला, सराव संपल्यावर, बाजूला घेऊन बोला. मी असं म्हणाले होते: "सर, हिला मागे डोक्याला लागलं होतं. पुन्हा तशी शंका आली तर तिला त्या दिवशी परत उतरवू नका. सामना गेला तरी आमची तक्रार नाही." शेवटचं वाक्य विसरू नका. पालक नाराज होतील या धास्तीनेही सर मुलाला परत आत पाठवतात.

त्या दिवशी परत उतरवायचं नाही, हा नियम जगभर मान्य झालाय. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा ऑक्टोबर २००६ मध्ये शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा (रग्बीसारख्या धडकाधडकीच्या खेळाचा) सामना खेळताना डोक्यावर आपटला. थोडा वेळ बाहेर बसवून त्याला परत उतरवलं. सामना संपल्यावर तो कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्या, तो वाचला, पण त्याला बोलणं-चालणं नव्याने शिकावं लागलं. २००९ मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाने कायदा केला: शंका आली की बाहेर, आणि तज्ज्ञाची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय परत नाही. हंगामाआधी पालक आणि खेळाडू दोघांनी माहितीपत्रकावर सही करायची. पाच वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले.

माझ्यासमोर असा कागद कधी कुणी ठेवला नाही. म्हणून आम्ही आमच्या मंडळापुरता एक पानाचा कागद केला: लक्षणं, जवळच्या चोवीस तास उघड्या रुग्णालयाचा पत्ता, १०८ क्रमांक, आणि खाली तीन सह्या, पालकाची, मुलाची, सरांची. मुलाची सही घ्याच. स्वतःची सही केली की मुलाला ते आपलं वाटतं.

सरांना दोन गोष्टी विचारून घ्या. सामन्याच्या ठिकाणी वाहन कुणाचं असतं? आणि मूल पडलं तर तुम्हाला फोन कोण करणार? बाकी खेळाप्रमाणे: खो-खोत खांबाला गुंडाळी आहे का, मल्लखांबाखाली गाद्या किती जाडीच्या, कबड्डीची मॅट सांध्यांवर उचकटलेली तर नाही. फुटबॉलवाल्यांनी लहान मुलांच्या हेडिंगबद्दल, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याबद्दल, जरूर बोलावं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्येच प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढून टाकलं. हेल्मेटला जोराचा चेंडू बसला असेल तर ते बदला, वरून तडा दिसत नसला तरी.

पायरी ६: लागलं, तेव्हा

मूल पडलेलं असेल आणि मान दुखतेय म्हणत असेल, हातापायात मुंग्या येताहेत म्हणत असेल, किंवा उठत नसेल, तर त्याला उचलू नका, बसवू नका. डोकं-मान आहे तशी स्थिर धरा आणि १०८ लावा. कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं, तोंडात पाणी घालणं यातलं काही नको. आपल्याकडे पाच जण धावत येतात आणि मूल उचलून सावलीत नेतात. तुम्हाला त्या पाच जणांना थांबवायचं आहे.

मूल उठून बसलं असेल तर शांतपणे विचारा. मैदानावर साधारण असे प्रश्न विचारतात: आत्ता आपण कुठल्या मैदानावर आहोत? मध्यंतर झालं का? शेवटचा गुण कुणी घेतला? मागचा सामना कुणाशी होता, जिंकलो की हरलो? "तुझं नाव काय" विचारून उपयोग नाही, नाव बहुतेकांना आठवतं. उत्तर चुकलं किंवा फार वेळ लागला तर बाहेर. सगळी उत्तरं बरोबर आली, पण डोकं जड आहे, भोवळ येतेय, मळमळतंय, अंधुक दिसतंय, उजेड सहन होत नाही, यातलं एक जरी असलं तरीही बाहेर. आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पुढची लक्षणं दिसली तर मात्र थेट रुग्णालय, रात्रीचे दोन वाजले असले तरी: डोकेदुखी वाढत चाललीय, पुन्हा पुन्हा उलटी होतेय, झटका आला, बोलणं अडखळतंय, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतोय, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय, नाकातून किंवा कानातून रक्त वा पाण्यासारखं काही येतंय, माणसं ओळखत नाही, गोंधळ वाढतोय, किंवा हलवूनही जागं होत नाही.

क्रिकेटपटू रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला क्लबचा सामना खेळत होते, शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय. चेंडू डोक्याला लागला. ते स्वतः उठून चालत बाहेर गेले. नंतर प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी ते गेले. हे साध्या कन्कशनच्या पुढचं, डोक्यातल्या रक्तस्रावाचं प्रकरण होतं. चालत बाहेर आलेल्या मुलावर पहिले काही तास डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं ते याचसाठी.

आणि या घाईत तुमचं पहिलं वाक्य काय असेल ते आत्ताच ठरवून ठेवा. मूल सांगत आलं की मी म्हणते, "बरं केलंस सांगितलंस." त्याआधी काही नाही. "कशी काय लागली?", "बघून खेळता येत नाही?" हे प्रश्न त्या दिवशी गिळा.

पायरी ७: घरी, शाळेत, मग मैदानावर

पहिली रात्र मुलाजवळ मोठं माणूस हवं. झोपू द्यायचंच नाही ही समजूत जुनी आहे. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोप हवीच असते; मधून उठवून बघायचं का, ते त्यांनाच विचारून घ्या. दुखण्यासाठी पॅरासिटामोल त्यांच्या सल्ल्याने द्या. घरात पडलेली दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका, काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डोक्याला तेल चोळून मालिश तर अजिबात नको.

पूर्वी आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. आता सल्ला बदललाय. पहिले एक-दोन दिवस शांतपणे, मोबाइल आणि टीव्ही शक्य तितका कमी, घरातल्या घरात हालचाल. मग हळूहळू चालणं. सगळं बंद करून कोंडून ठेवलं की बरं व्हायला उलट जास्त वेळ लागतो आणि मूल खचतं.

आधी शाळा, मग मैदान. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या: अर्धा दिवस, मधे विश्रांती, फळ्यावरून भराभर उतरवणं नको, आठवडाभर चाचणी नको. शाळेत पूर्ण दिवस नीट जायला लागला की खेळाकडे. चालणं आणि सायकल, मग एकट्याने पायांच्या हालचाली, मग संघाबरोबर पण पकड-धडक न करता, मग डॉक्टरांच्या होकारानंतर पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक टप्प्याला निदान एक दिवस, त्रास वाढला तर एक टप्पा मागे. बहुतेक मुलं चार आठवड्यांत बरी होतात. ब्रिटनमध्ये हौशी खेळाडूंसाठी २०२३ पासून असा सल्ला आहे की लक्षणं लवकर गेली तरी २१ दिवसांच्या आत सामना नाही. आमच्या मंडळात आम्ही तोच आकडा धरला, कारण आकडा ठरलेला असला की रोजची घासाघीस वाचते.

पायरी ८: "पण मला खेळायचंय"

दहाव्या दिवशी हे होणार, विशेषतः विसाव्या दिवशी अंतिम सामना असेल तर. "मला काहीच होत नाहीये. खरंच." कदाचित ते खरंही असेल. पण ज्याला खेळायचंच आहे त्याच्या सांगण्यावर हा निर्णय ठेवू नका.

माझी मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिला समजावत बसले नाही. तिला मैदानावर घेऊन गेले. सरांनी तिला गुणफलक सांभाळायला दिला, समोरच्या संघातली चढाई करणारी कुठल्या पायाने बोनस घेते ते टिपायला सांगितलं. घरी बसवलेलं मूल संघातून तुटतं आणि पुढच्या वेळी लपवतं. मैदानावर बसलेलं मूल संघातच असतं.

तिला तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या विल पुकोव्हस्कीबद्दल मी सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला भारताविरुद्ध कसोटी पदार्पणात त्याने ६२ धावा केल्या. ती त्याची एकमेव कसोटी ठरली. डोक्याला पुन्हा पुन्हा लागत गेलं, आणि २०२५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने क्रिकेट सोडलं. तो डोक्याला लागणाऱ्या मारांबद्दल उघडपणे बोलतो. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "त्याची आई काय म्हणाली असेल?" मला उत्तर देता आलं नाही.

बाविसाव्या दिवशी ती सामन्याला उतरली. तिच्या बॅगच्या आतल्या कप्प्यात मी एक कार्ड चिकटवलंय, प्लास्टिकच्या पाकिटात: लागल्याची तारीख, डॉक्टरांचा नंबर, माझा नंबर, १०८. प्रत्येक सामन्याहून परतताना मी तिला आधी एकच विचारते, "डोक्याला काही?" स्कोअर त्यानंतर.